घरच्या पॅसेजमधून स्टुडिओपर्यंत: डेव्हिड सँडबर्ग

अर्धा_उजेड

परवा रात्री ‘लाइट्स आऊट’ पुन्हा पाहिला. मोठा चित्रपट नव्हे, मूळचा लघुपट, तीन मिनिटांहूनही लहान. एक बाई झोपायला जाताना पॅसेजमधला दिवा बंद करते आणि पलीकडच्या टोकाला कुणीतरी उभं दिसतं. दिवा लावला की कुणी नाही. बंद केला की आहे. ती पुन्हा लावते, पुन्हा बंद करते, शेवटी बटणावर चिकटपट्टीच लावून टाकते. मला एकेक शॉट पाठ आहे, तरी ती अंथरुणात शिरते तिथपर्यंत येताना हात गार पडले होते.

तर हा धागा तो बनवणाऱ्या डेव्हिड एफ. सँडबर्गबद्दल. जन्म १९८१, देश स्वीडन. इंटरनेटवर ‘पोनीस्मॅशर’ या नावानं व्हिडिओ टाकायचा, अ‍ॅनिमेशनची लहानसहान कामं करायचा. २०१३ मध्ये त्यानं आणि त्याची बायको, अभिनेत्री लोट्टा लोस्टेन, या दोघांनी राहत्या घरातच भयपट करायला घेतले. कॅमेऱ्यापुढे ती, बाकी सगळं तो. ‘लाइट्स आऊट’ त्यांनी ‘ब्लडी कट्स’ या नेटवर भयलघुपट दाखवणाऱ्या गटाच्या लघुपट स्पर्धेसाठी केला. स्पर्धा जिंकली नाही, दिग्दर्शनाचं बक्षीस तेवढं मिळालं. फिल्म नेटवर तशीच पडून राहिली आणि काही महिन्यांनी एकदम जगभर फिरायला लागली. निर्मात्यांचे आणि एजंटांचे इतके मेल यायला लागले की कुणाशी काय बोलणं झालं हे लक्षात राहावं म्हणून त्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला होता.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. २०१६ साली त्याच कल्पनेवर पूर्ण लांबीचा चित्रपट आला. निर्मात्यांत ‘सॉ’ या भयपटाचा दिग्दर्शक जेम्स वान. खर्च जेमतेम ५० लाख डॉलर, कमाई जवळजवळ १५ कोटी. २०१७ मध्ये ‘अ‍ॅनाबेल: क्रिएशन’, तो ३० कोटींच्या वर गेला. २०१९ मध्ये ‘शझाम!’. सहा वर्षांपूर्वी दोन माणसांत शूटिंग करणारा माणूस दहा कोटी डॉलरच्या घरातला सुपरहिरोपट सांभाळत होता.

मला हे सगळं फार उमेद देणारं वाटतं. फिल्म इन्स्टिट्यूट नाही, ओळखीपाळखी नाहीत, हॉलिवूड हजारो मैल लांब. केलेलं काम लोकांपुढे ठेवलं आणि दार उघडलं. तुम्हाला काय वाटतं? त्याच्याकडे नेमकं काय होतं?

जुनाप्रेक्षक

लेख आवडला, पण शेवटच्या परिच्छेदाशी सहमत नाही. दार आपोआप उघडलं नाही, ते आतून उघडावं लागतं. लॉरेन्स ग्रे या निर्मात्यानं फिल्म पाहिली, एरिक हाइसरर हा लेखक सोबत आला, वान जोडला गेला, तेव्हा कुठे स्टुडिओनं पैसे काढले. त्याच वर्षी तितकेच चांगले आणखी किती लघुपट कुणीही न पाहता पडून राहिले असतील? त्यांचे धागे निघत नाहीत, म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत. नवीन मुलं हे वाचून नोकऱ्या सोडतात, याची मला मनापासून काळजी वाटते.

आणखी एक. वाननं ‘सॉ’ विकला तोही आधी एक छोटी फिल्म करूनच. लघुपट दाखवून चित्रपट मिळवण्याची वाट इंटरनेटच्या आधीपासूनची आहे. नेटमुळे ती फिल्म खिशात घालून कुणाच्या ऑफिसात जाऊन बसावं लागत नाही, इतकाच फरक पडला.

संकलिका

जुनाप्रेक्षक, नशिबाचा भाग मान्य. पण व्हायरल झालेल्या शेकडो गोष्टींतून हीच विकत घेण्याजोगी का वाटली, याचं उत्तर मला त्या तीन मिनिटांतच दिसतं. मी संकलन करते, त्यामुळे ती फिल्म टाइमलाइनवर टाकून कितीतरी वेळा पुढे-मागे केली आहे. जरा सविस्तर लिहिते.

या फिल्ममध्ये गोष्ट नाहीच, एक नियम आहे. अंधारात ती असते, उजेडात नसते. हा नियम कुणीही तोंडानं सांगत नाही. पहिल्यांदा दिवा बंद होतो तेव्हा आपल्याला वाटतं, काहीतरी दिसलं बहुतेक. दुसऱ्यांदा खात्री पटते. तिसऱ्यांदा आपणच मनात म्हणतो, नको ना बंद करूस. म्हणजे अर्ध्या मिनिटात प्रेक्षक नियम शिकला आणि त्याच्या पुढेही धावायला लागला. मग दिग्दर्शकाला काहीच करावं लागत नाही. नुसतं बटण दाखवलं तरी छातीत धस्स होतं.

निर्मात्यांनी विकत घेतला तो हा नियम. मोठा चित्रपट पाहा, सगळे लक्षात राहणारे प्रसंग त्यातूनच फुटलेत. खिडकीबाहेरची लाल निऑन पाटी लागते-विझते, तशी ती खोलीत असते-नसते. पोलीस गोळी झाडतो, तेवढ्या क्षणाच्या उजेडात ती गायब. एक मुलगा जीव वाचवायला मोबाइलचा पडदा पुढे धरतो, मग गाडीच्या किल्लीचं बटण दाबून हेडलाइट लावतो. नियम पक्का असला की प्रसंग सुचत जातात. तो नसला की लेखक दर दहा मिनिटांनी नवीन भूत आणतो.

दुसरी गोष्ट कारागिरीची. दिवा एकाच शॉटमध्ये लागतो-बंद होतो आणि मधे कुठे कट दिसत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट ठेवायचा, चौकट तसूभरही हलू द्यायची नाही, एकदा आकृतीसह टेक घ्यायचा, एकदा आकृतीशिवाय, आणि एडिटमध्ये दोन्ही अर्धे एकमेकांना शिवायचे. स्प्लिट स्क्रीन. मूकपटांच्या काळापासूनची युक्ती, घरच्या कॉम्प्युटरवर एका दुपारीत जमते. पण ती जमायला शूटिंगच्या आधी एडिट डोक्यात तयार लागतो. सँडबर्ग स्वतःच लिहीत होता, स्वतःच शूट आणि एडिट करत होता, म्हणून त्याच्या एकाही शॉटला फाजील शेपूट नाही.

आणि जे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही ते शेवटी लिहिते. अंधार दाखवायला उजेड लागतो. खरोखरच्या अंधारात कॅमेऱ्याला काळा पडदा दिसेल. त्या पॅसेजच्या मागच्या बाजूला मंद उजेड आहे, त्यावर ती आकृती काळी उमटते. दिवा बंद केल्यावर काय दिसत राहणार, हे त्यानं आधी ठरवलं. मला विचाराल तर दिग्दर्शक तिथे दिसतो.

तिमिर

संकलिकाताई, प्रतिसाद साठवून ठेवलाय.

याच वाटेनं गेलेल्या बाकीच्यांचीही नावं घेतो. उरुग्वेचा फेदे अल्वारेझ. २००९ मध्ये त्यानं ‘अताके दे पानिको’ नावाचा लघुपट यूट्यूबवर टाकला. मोंटेविडिओ शहरावर राक्षसी रोबो चालून येतात, खर्च म्हणे ३०० डॉलर. काही दिवसांत हॉलिवूडचे फोन. पण हातात आलेला पहिला चित्रपट होता ‘ईव्हिल डेड’, आणि तो पडद्यावर यायला २०१३ उजाडलं. मधली वर्षं आपण विसरतो. नंतर २०१६ मध्ये ‘डोन्ट ब्रीद’, २०२४ मध्ये ‘एलियन: रोम्युलस’.

ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडिलेडचे डॅनी आणि मायकेल फिलिपू हे जुळे भाऊ. ‘राकाराका’ या चॅनलवर मारामारीचे, धिंगाण्याचे व्हिडिओ करायचे, लाखो सबस्क्रायबर. त्यांचा पहिला चित्रपट ‘टॉक टू मी’ २०२३ च्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि ए ट्वेंटीफोर या अमेरिकी चित्रपट कंपनीनं उचलला. साधारण ४५ लाख डॉलरमध्ये झाला आणि ९ कोटींच्या वर कमावून गेला. व्हिडिओंतला आरडाओरडा पाहिलेल्या माणसाला चित्रपटातला संथपणा ओळखूच येणार नाही.

आणि केन पार्सन्स. ‘बॅकरूम्स’चा पहिला व्हिडिओ २०२२ च्या जानेवारीत टाकला तेव्हा वय १६. पिवळ्या भिंतींच्या न संपणाऱ्या रिकाम्या खोल्या, सगळ्या ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभ्या केलेल्या. साधारण वर्षभरात त्यावर चित्रपट करायचं जाहीर झालं आणि दिग्दर्शक म्हणून त्यालाच घेतलं.

निळीशाई

सगळे भयपटवालेच कसे? विनोदी व्हिडिओ करणारे, प्रवासाचे व्हिडिओ करणारे हजारो आहेत. त्यांना का नाही बोलावत?

(मी स्वतः एक छोटी फिल्म करत्येय म्हणून विचारते. घरात, दोन पात्रं, भुताची नाही.)

संकलिका

निळीशाई, मला सुचणारी कारणं: भयपटाला मोठा नट लागत नाही, एक घर पुरतं, आणि अंधारात सेटची गरिबी झाकली जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भीती तीन मिनिटांत सिद्ध करून दाखवता येते. घाबरवलंस की नाही घाबरवलंस, लगेच कळतं. नातेसंबंधांवरचा लघुपट कितीही चांगला असला तरी हा माणूस दीड तास धरून ठेवेल का, हे तीन मिनिटांत निर्मात्याला कळत नाही. तुमच्या फिल्मचं मोल त्यानं कमी होत नाही, ती दाखवायला जागा मात्र वेगळ्या शोधाव्या लागतील. महोत्सव, मुख्यतः.

तिमिर

अपवाद आहे. बो बर्नम. २००६ मध्ये आपल्या खोलीतून गाणी टाकणारा शाळकरी मुलगा. त्यानंतर रंगमंचावरचे विनोदाचे कार्यक्रम, मग जेरॉड कार्मायकल आणि ख्रिस रॉक यांच्या कार्यक्रमांचं दिग्दर्शन, आणि मग २०१८ मध्ये ‘एट्थ ग्रेड’. पदार्पणाबद्दल अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या गिल्डचं पारितोषिक त्याला मिळालं. त्यात भूत नाही, आठवीतली एक मुलगी आणि तिचे कुणीही न बघणारे व्हिडिओ आहेत. पण पाहा, मधे बारा वर्षं गेली.

कॅमेरामागे

उशिरा आलो. मी कॅमेरा विभागात सहायक आहे, सेटवर दिवस जातात. यूट्यूबवरून आलेल्या दिग्दर्शकांबरोबर काम केलंय, म्हणून एक गोष्ट सांगाविशी वाटते जी इथे अजून आलेली नाही.

घरी फिल्म करणाऱ्या माणसाची बुद्धी हातात असते. दिवा जरा डावीकडे हवा, उचलला, ठेवला, पाहिलं, नाही आवडला, पुन्हा सरकवला. त्याला शब्दांची गरजच नसते. व्यावसायिक सेटवर त्याचे हात काढून घेतले जातात. दिव्याला गॅफरची, म्हणजे प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या प्रमुखाची माणसं, कॅमेऱ्याला छायालेखक, वेळेला फर्स्ट एडी, म्हणजे पहिला सहायक दिग्दर्शक. अमेरिकेत तर युनियनचे नियम इतके कडक की दिग्दर्शकानं स्वतः स्टँड सरकवायचं नसतं. आता त्याच्याकडे उरते ती फक्त जीभ. मनात जे आहे ते साठ माणसांना कळेल असं बोलता आलं पाहिजे, आणि पहिल्याच फटक्यात.

एका वेबमालिकेच्या सेटवर असा एक मुलगा आला होता. त्याचे व्हिडिओ मी स्वतः आवडीनं पाहायचो. पहिल्या दिवशी त्यानं गॅफरला न सांगता दोन दिवे हलवले. चुकीचे हलवले असंही नाही, नजर चांगलीच होती. पण दुपारपर्यंत लाइटवाले हात बांधून उभे राहिले, कारण त्यांनी काहीही लावलं तरी तो बदलणार. संध्याकाळी सहा शॉट शिल्लक. रात्री तो माझ्याशेजारी बसून म्हणाला, “मला दिसतंय काय हवंय ते, सांगता येत नाहीये.” त्याचा चेहरा अजून आठवतो. मी त्याला काहीच मदत करू शकलो नाही याचं वाईट वाटतं. तिसऱ्या दिवसापासून तो सकाळी लवकर येऊन प्रत्येक शॉटचं कागदावर वेडंवाकडं चित्र काढून गॅफरच्या हातात द्यायला लागला. नंतरचे दिवस व्यवस्थित गेले.

फिलिपू भावांबद्दल तिमिर यांनी लिहिलं, त्यात भर घालतो. ते दोघं अ‍ॅडिलेडमध्येच ‘द बाबाडूक’ या भयपटाच्या युनिटमध्ये पडेल ती कामं करत होते. म्हणजे ‘टॉक टू मी’च्या कितीतरी आधी त्यांनी खऱ्या सेटवर कोण कुणाशी काय बोलतं हे पाहिलं होतं. सँडबर्ग मात्र दोन माणसांच्या सेटवरून थेट स्टुडिओच्या सेटवर गेला. त्याच्या प्रवासात मला सगळ्यात अवघड वाटते ती ही उडी. आकडे नंतरचे.

अर्धा_उजेड

कॅमेरामागे, ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. आता वाटतं, लोट्टाबरोबर सतत काम करण्याचा त्याला इथेच उपयोग झाला असेल. तो एकटा नव्हता, समोर एक माणूस होतं जिला काय हवं ते सांगावं लागत होतं. मोठ्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या प्रसंगात, त्या गोदामात, दिवा बंद करून आकृती पाहणारी बाई लोट्टाच आहे. पहिल्या मोठ्या सेटवर ओळखीचा माणूस आणि ओळखीचा प्रसंग. नंतरच्या चित्रपटांतही ती छोट्या भूमिकांत असते.

जुनाप्रेक्षक

चर्चा छान रंगली आहे. माझा सूर थोडा कडू होता, पण आता मुद्द्याचं लिहितो. (मोठा चित्रपट पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

लघुपटात ती आकृती कोण, का आली, काही सांगत नाहीत. दीड तासाच्या चित्रपटाला ते परवडत नाही. म्हणून हाइसररनं कारण दिलं: तिचं नाव डायना, तिला उजेडाचा आजार, आणि ती या घरातल्या आईच्या मनाच्या आजाराला चिकटून बसली आहे. याच लेखकाचा ‘अरायव्हल’ही त्याच वर्षी आला, माणूस लेचापेचा नाही. भीतीला त्यानं घर दिलं, आई आणि मुलं दिली. मला ते चांगलं वाटलं, जरी काही काळोख त्यात कमी झाला. शेवटी मुलांना वाचवायला आई जीव देते. मुळात त्यापुढे डायना परत येते असा एक भाग चित्रित झाला होता. टेस्ट स्क्रीनिंगला, म्हणजे प्रदर्शनाआधी घेतलेल्या चाचणी खेळाला, प्रेक्षकांना तो पटला नाही, काढून टाकला. घरी केलेल्या फिल्मचा शेवट बदला असं कुणी सांगत नाही. इथे अनोळखी माणसांनी भरलेलं एक सभागृह सांगतं आणि ऐकावं लागतं.

दुसरं म्हणजे ‘शझाम!’चा दुसरा भाग. २०२३ मध्ये आला, खर्च पहिल्यापेक्षा जास्त, कमाई १३ कोटींच्या आसपास. म्हणजे पहिल्याच्या निम्मीसुद्धा नाही. सँडबर्गनं तेव्हा उघडपणे लिहिलं की समीक्षकांनी त्याला आजवरचे सगळ्यात कमी गुण दिलेत आणि प्रेक्षकांनी सगळ्यात जास्त, आणि सुपरहिरो तूर्तास पुरे, पुन्हा भयपटांकडे जायचंय. २०२५ मध्ये ‘अंटिल डॉन’ घेऊन तो तिकडे परतलाही. एवढ्या मोठ्या अपयशावर इतकं सरळ बोलणारे दिग्दर्शक मी फार कमी पाहिलेत. मला वाटतं ही त्याची यूट्यूबवरची सवय. प्रेक्षकाशी मधल्या माणसाशिवाय बोलायची.

संकलिका

+१. त्याचं चॅनल अजून चालू आहे हे कुणी लिहिलं नाही. मोठ्या चित्रपटांत काय चुकलं, कुठे पैसे कमी पडले, शॉट कसा घेतला, हे तो तिथे समजावून सांगतो. आणि २०२० मध्ये सगळं ठप्प असताना तो आणि लोट्टा घरातच पुन्हा छोटे भयपट करायला बसले. ‘शॅडोड’ आणि ‘नॉट अलोन इन हिअर’. स्टुडिओचे तीन चित्रपट केलेला माणूस पुन्हा स्वतः दिवा उचलतोय, स्वतः एडिट करतोय. तुम्ही ‘शॅडोड’ आणि जुना ‘लाइट्स आऊट’ लागोपाठ पाहा. भिंतीवरच्या सावल्यांशी खेळ आहे, नियम पुन्हा एकच, पण आता प्रत्येक शॉटमध्ये नजर कुठे न्यायची यावर त्याची पकड किती वाढली आहे ते दिसतं.

अर्धा_उजेड

आजच पाहतो.

माझं वाक्य मागे घेतो, जुनाप्रेक्षक. “दार उघडलं” हे फार सोपं करून लिहिलं होतं. स्पर्धा, त्यानंतरचे रिकामे महिने, ग्रेचा मेल, हाइसररचा कागद, मग सेटवर बोलायला शिकणं, मग अनोळखी सभागृहापुढे शेवट काढून टाकणं. प्रत्येक ठिकाणी तो मागे फिरू शकला असता. उमेद मात्र तितकीच वाटते. उलट जास्तच, कारण यातलं बरंचसं शिकता येण्याजोगं आहे.

निळीशाई

मग मला एक शिकवा. माझ्या फिल्ममध्ये मुलगी रात्री स्वयंपाकघरात येते, दिवा लावत नाही, आई आधीपासून अंधारात बसलेली आहे हे तिला कळतं. आम्ही खरोखर दिवे बंद करून शूट केलं. सगळं काळंभोर आणि वरून मुंग्या मुंग्या. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवला तर आणखीच वाईट. संकलिकाताईंचा “अंधार दाखवायला उजेड लागतो” वाचून चूक कळली, पण दिवा ठेवू कुठे?

कॅमेरामागे

आई बसली आहे तिच्या मागे खिडकी आहे का? असेल तर दिवा खिडकीबाहेर ठेवा, पातळ पांढऱ्या पडद्यातून आत येऊ द्या. आईचा चेहरा उजळवू नका, फक्त खांद्याची आणि केसांची कड दिसली पाहिजे. मुलगी दारातून येते तिथे काहीच लावू नका, तिला त्या खिडकीसमोर येऊ द्या. आयएसओ खाली आणा. आणि शूट करताना थोडं जास्त उजळच घ्या, अंधार नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटनंतर रंग-उजेड ठरवताना, करता येतो. काळ्यातून चेहरा मात्र परत काढता येत नाही.

संकलिका

आणि आई दिसते त्याच्या आधी काही सेकंद रिकामी खिडकी दाखवा. तीच चौकट, तोच कॅमेरा, आई नाही. मग मुलगी आत आल्यावर तीच चौकट, आता आई आहे. ट्रायपॉड मधे हलवू नका, पायांखाली फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा.

निळीशाई

खिडकी आहे, गॅलरीकडे उघडते. आमच्या छायालेखकाला आधी कागदावर चित्र काढून देते, मग बोलते. रविवारी रात्री टेस्ट करतो. दोन्ही टेक इथेच टाकते.